आधी पोहोचा

चाळीच्या जिन्यात नोटीस चिकटली की त्याच रात्री मीटिंग भरते. एरवी वर्गणीच्या वेळी न सापडणारे भाडेकरू खुर्च्या घेऊन खाली उतरतात. कोणी आमदाराला ओळखत असतो, कोणाचा मेव्हणा मंत्रालयात असतो. रात्री अकरापर्यंत बोलून ठरतं एवढंच, की 'हे आम्ही होऊ देणार नाही'. या मीटिंगा वाईट नाहीत. माणसं जमतात हेच मोठं आहे. पण नोटीस लागते तेव्हा निर्णय जुना झालेला असतो. नकाशा काढून झालेला असतो, सल्लागाराचं बिल चुकतं झालेलं असतं, निविदाही निघालेली असते. त्या टप्प्यावर सरकार मागे फिरत नाही असं नाही, पण तेव्हा जो जोर लावावा लागतो तो आधी लावावा लागला असता त्याच्या दसपट असतो.

ज्यांचे पैसे गुंतलेले असतात ते नोटिशीची वाट बघत बसत नाहीत. मुंबईच्या गिरणीमालकांनी आपली संघटना १८७५ सालीच काढली होती. सरकारने कायदा करायचं नुसतं मनात आणलं तरी मालकांचं म्हणणं छापील स्वरूपात सरकारपुढे जायचं. आज बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना तेच करतात. नियमाचा मसुदा निघाला की त्यांचा वास्तुरचनाकार आणि वकील आठवड्याभरात टिपण देऊन मोकळे होतात. यात बेकायदा काही नाही. आपलं म्हणणं सरकारपुढे मांडायचा त्यांना हक्क आहे, तसाच तो तुम्हाला-आम्हालाही आहे. पण समोरची खुर्ची रिकामी राहते, आणि ती रिकामी ठेवणारे आपणच असतो.

ती खुर्ची कशी भरायची याचा धडा मुंबईच्या गिरणगावातच गिरवला गेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव लालबाग-परळमध्ये अजून माहीत आहे, पण त्यांनी नेमकं काय केलं ते बरेच जण विसरलेत. १८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांची पाहणी करायला एक कमिशन नेमलं. 'दीनबंधू'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. अर्जात मागण्या पाचच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

या मागण्यांकडे पुन्हा एकदा बघा. 'कामगारांना न्याय द्या' असं त्यात कुठेच नाही. वार, तास, तारीख, सगळं सांगितलेलं आहे. प्रत्येक मागणीला 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एक उत्तर द्यावंच लागेल. शिवाय अर्ज गेला तो ज्यांचं काम चौकशी करून शिफारस करण्याचं होतं त्यांच्याकडे, आणि तोही चौकशी चालू असताना. कमिशनचा अहवाल छापून आल्यावर गेला असता तर साडेपाच हजार सह्या रद्दीत गेल्या असत्या.

तरीही लगेच काही मिळालं नाही. पुढची सहा वर्षं अर्ज, सभा आणि पुन्हा अर्ज असंच चाललं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १८९० साली. तुमच्या सोसायटीच्या सभेत किती बायका बोलतात ते मोजून बघा. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच साली सरकारने नवं फॅक्टरी कमिशन नेमलं तेव्हा लोखंड्यांनाच सहकारी सदस्य म्हणून त्यावर घेतलं, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी व दुपारची विश्रांती आली. सहा वर्षांपूर्वी जो माणूस दाराबाहेर अर्ज घेऊन उभा होता तो आत बसला. चिकाटीने आणि माहितीनिशी बोलणारा माणूस पुढे सरकारलाच हवासा होतो. आजही होतो, फक्त आपण तिथवर टिकत नाही.

आता उलटी गोष्ट, तीही इथलीच आणि जास्त बोचणारी. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या आणि त्यांच्याखालच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा की गिरणीची जमीन विकसित करताना एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही, असा नव्या नियमाचा परिणाम झाला. गिरणीच्या आवारात बहुतेक जमीन शेडखालीच असते. कागदावर वाटणीचं सूत्र तसंच राहिलं आणि वाटायला जमीनच उरली नाही.

शहराला हे कळलं ते टॉवर उठायला लागल्यावर. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये तिथे जिंकलीही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. लोअर परळला मैदानाऐवजी मॉल का आहे याचं उत्तर कोणाच्या भाषणात सापडायचं नाही, ते त्या नियमातल्या काही ओळींत आहे. त्या ओळी लिहिल्या जात असताना परळ-लालबागमधली शंभर माणसं नियमावली उघडून बसली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. पण न्यायालयात उभं राहण्यापेक्षा ते स्वस्त पडलं असतं.

त्याच नियमातून कामगारांच्या पदरात जे थोडंफार पडलं, तेही कोणी दान दिलेलं नाही. मॉडर्न मिलमधले कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. नोकरी गेलेली, संप हरलेला, मोठा पक्ष पाठीशी नाही. तरी मागणी बारीक होत होत एका गोष्टीवर आली, की म्हाडाच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरं. ते नियमात बसवून घेतलं. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज जवळजवळ दीड लाख होते, म्हणजे घरं किती अपुरी होती ते उघड आहे. पण काळाचौकी-करी रोडच्या ज्या कुटुंबांना चावी मिळाली, त्यांना ती नियमात लिहिलेल्या एका तरतुदीमुळे मिळाली.

म्हणून माझा पहिला आग्रह असा: आपल्या भागाबद्दल सरकार काय लिहितंय ते वाचणारी दोन माणसं प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत असू द्या. भाषण करणारी भरपूर आहेत. जुना कारकून, निवृत्त शिक्षिका, कायद्याच्या पहिल्या वर्षातली मुलगी, कोणीही चालेल. वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या जाहीर सूचना, महापालिकेच्या आणि राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचे मसुदे आणि शासन निर्णय, एवढं आठवड्यातून एकदा पाहायचं. 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' हे वाक्य दिसलं की शेवटची तारीख फळ्यावर लिहायची.

हरकतींनी काय होतं, असं विचारणाऱ्यांनी २०१५ आठवावं. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला आणि त्यात नाही नाही त्या चुका निघाल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, असलेल्या वास्तू नकाशावर नव्हत्या. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून पाहिला आणि साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितलं, सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. साठ हजार माणसं रस्त्यावर उतरली नव्हती. त्यांनी टपालाने आणि हातोहात कागद दिले होते.

हरकत लिहायची कशी? पानभर संताप लिहू नका. मुंबई शहरात, म्हणजे माहीम-सायनच्या अलीकडे, प्रत्येक जमिनीला सी. एस. नंबर असतो. तो लिहा, नकाशाच्या पानाचा क्रमांक लिहा, तिथे आज काय आहे ते लिहा, मसुद्यात काय दाखवलंय ते लिहा आणि काय बदलायला हवं ते एका वाक्यात लिहा. सोबत फोटो. पन्नास जणांनी एकच छापील मजकूर सही करून देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत दिलेल्या हरकतींना जास्त वजन येतं. सुनावणी ठेवली असेल तर जा. रजा टाकून जा. सुनावणीला कोणी आलं नाही अशी नोंद झाली की तुमच्या हरकतीचं काम तिथेच संपतं.

दुसरा घोळ टेबलाचा. आपण सगळ्या तक्रारी नगरसेवकाकडे नेतो, कारण तो ओळखीचा असतो आणि गणपतीत घरी येतो. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ एवढा काळ मुंबईत नगरसेवकच नव्हते, तेव्हा लोकांना वॉर्ड ऑफिसचा रस्ता शोधावा लागला. हे एका अर्थी बरंच झालं. गिरगावकराला डी वॉर्ड, काळबादेवीला सी, परळ-लालबागला एफ दक्षिण, दादर पश्चिमेला जी उत्तर. प्रत्येक वॉर्डचा प्रमुख सहायक आयुक्त. गटार, कचरा, फूटपाथ, अनधिकृत बांधकाम हे तिथे. पण जुन्या उपकरप्राप्त इमारतीची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे, बसचा थांबा बेस्टकडे, सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांकडे, मेट्रोमुळे भिंतीला तडा गेला तर मेट्रो कॉर्पोरेशनकडे. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन् महिने फिरत राहतो आणि आपण म्हणतो, सरकार ऐकत नाही.

एल्फिन्स्टन रोडच्या पुलाची आठवण काढायला जीवावर येतं, पण काढायला हवी. एका बाजूला मध्य रेल्वेचं परळ, दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वेचं तेव्हाचं एल्फिन्स्टन, आणि मध्ये तो अरुंद जिना. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, माणसं अनेक पटींनी वाढली, जिना तोच. रुंद पूल हवा अशी मागणी प्रवाशांनी केली होती, खासदारांनी पत्रं लिहिली होती. २९ सप्टेंबर २०१७ च्या पावसात तिथे चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत पूल उभा केला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. म्हणजे पूल बांधणं अवघड नव्हतं. अशा ठिकाणी, जिथे दोन खात्यांची हद्द मिळते, तिथे एका खात्याला पत्र लिहून घरी बसू नये. दोघांनाही एकाच दिवशी पत्र, दोघांना एकमेकांची प्रत, आणि खासदाराला एकच विनंती: दोघांना एका बैठकीत बसवा. पूल बांधणं खासदाराच्या हातात नसतं, पण बैठक लावणं असतं.

पत्र लिहिण्याआधी माहिती काढा. माहितीचा अधिकार महाराष्ट्राने देशाच्या आधी, २००२ मध्येच आणला, आणि २००५ पासून तो देशभर आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मराठीत अर्ज, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हे विसरलात तर अर्ज परत येतो. ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथली ती माहिती नसेल तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायची जबाबदारी त्यांची, तुमची नव्हे. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. 'काम का केलं नाही' असं विचारू नका. त्याला उत्तर देण्याचं बंधन नाही. कागद मागा: कार्यादेशाची प्रत, ठेकेदाराचं नाव, कामाची मुदत, तपासणीचा अहवाल. नोंदवहीची पाहणी करायची आहे असंही लिहिता येतं, मग समोर बसून फाइल चाळता येते. फाइल चाळल्यावर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

परळजवळच्या हिंदमाता चौकाचं उदाहरण घ्या. पाऊस पडला की पाणी तुंबतं, हे सांगायला पत्र कशाला, टीव्हीवाले सांगतात. महापालिकेने तिथलं पाणी साठवायला दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात भूमिगत टाक्या बांधल्या. आता विचारायचं ते असं: टाकीचे पंप मेमध्ये चालवून पाहिले का, कोणत्या तारखेला, आणि आमच्या गल्लीतल्या पर्जन्यवाहिनीचा गाळ कधी काढला? नालेसफाईची मुदत दर वर्षी ३१ मेच्या आसपास असते. हे प्रश्न मार्चमध्ये विचारले तर ठेकेदार गल्लीत येतो. जुलैमध्ये विचारले तर तुमच्या गुडघाभर पाण्याचा फोटो काढायला वार्ताहर येतो.

वेळेचंच आणखी. महापालिकेचा अर्थसंकल्प साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडला जातो. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा होता, देशातल्या काही राज्यांपेक्षा मोठा. त्यातून तुमच्या मंडईचं छप्पर किंवा दवाखान्याची लिफ्ट व्हायची असेल तर ती दिवाळीच्या आसपास वॉर्डच्या मागणीत शिरायला हवी. जानेवारीत महापालिका नागरिकांकडून सूचनाही मागवते, त्याही द्या, पण खरं काम तोवर बरंचसं झालेलं असतं. विधिमंडळाचं तसंच. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. आमदाराने तारांकित प्रश्न विचारावा असं वाटत असेल तर अधिवेशन सुरू झाल्यावर त्याच्या कार्यालयात जाऊन काय उपयोग? प्रश्न खूप आधी द्यावे लागतात. अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी जा आणि प्रश्न लिहूनच न्या. आमदाराच्या स्वीय सहायकाला तयार मजकूर मिळाला की तो खूश असतो. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायचं म्हटलं की खात्यातली फाइल खालून वर येते, आणि एवढ्यानेही कित्येक कामं होतात. विधानसभेची विनंती अर्ज समिती आहे, तिच्याकडे आमदाराच्या सहीने अर्ज नेता येतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

पत्र एका पानाचं असावं. वर विषय, मग आधी काय पत्रव्यवहार झाला त्याचा संदर्भ, मग मागणी, मग तिचं कारण, शेवटी 'कार्यवाहीची माहिती अमुक तारखेपर्यंत कळवावी'. पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का नसलेलं पत्र दिलेलंच नाही असं समजा. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र, त्यात पहिल्याचा आवक क्रमांक. अधिकाऱ्याला भेटायला तिघे जा. एक बोलेल, एक लिहील, एक शांत बसेल आणि वातावरण तापलं तर चहा मागवील. पंधरा जण गेलात तर अधिकारी बोलणार नाही, फक्त ऐकून घेईल. खालच्या अभियंत्याचा अपमान करू नका. साहेब तीन वर्षांत बदलून जातो, दुय्यम अभियंता तिथेच असतो आणि टिपण तोच लिहितो.

मग मोर्चा काढायचाच नाही का? काढायचा, पण मोर्च्याच्या हातात कागद हवा. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. पक्ष वेगवेगळे, समिती एक. लाटणी आणि थाळ्या घेऊन बायका निघाल्या की मुंबई बघत राहायची. पण त्या बायका रॉकेल, तेल, साखर यांच्या रेशनवरच्या पुरवठ्याबद्दल बोलायच्या, मंत्र्याला भेटून आकडे विचारायच्या. लाटणं लोकांच्या लक्षात राहिलं, आकडे राहिले नाहीत.

अगदी अलीकडचं २०२५ चं उदाहरण. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, त्यात १७ जूनला बदल झाला, आणि २९ जूनला सरकारने दोन्ही रद्द केले. त्या धोरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पद्धत पाहा. मागणी एका ओळीची होती, या तारखांचे हे शासन निर्णय रद्द करा. बालशिक्षणातल्या जाणकारांनी लहान मुलांवरच्या भाषेच्या ओझ्याची कारणं लिहून मांडली, मराठीसाठी वर्षानुवर्षं काम करणारे डॉ. दीपक पवार यांच्यासारखे लोक मैदानात उतरले, सरकारच्याच भाषा सल्लागार समितीने विरोध नोंदवला. राजकीय पक्ष त्यानंतर एकत्र आले आणि ५ जुलैचा मोर्चा जाहीर झाला. तो निघण्याआधीच निर्णय मागे गेला होता. नुसत्या घोषणांनी किंवा नुसत्या निवेदनांनी हे झालं नसतं.

दोन गोष्टी मात्र टाळा. एक म्हणजे वशिला. वशिल्याने तुमच्या एकट्याच्या घराचं काम होईल, नियम तसाच राहील आणि शेजाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा वशिलाच शोधावा लागेल. त्यात 'फाइल पुढे सरकवतो' म्हणणारा एजंट घुसला की पैसेही जातात आणि समिती फुटते. दुसरी म्हणजे पक्षाचा फलक. सगळ्या पक्षांच्या माणसांना बोलवा, मदत घ्या, आभार माना. पण समितीचं लेटरहेड, बँक खातं आणि प्रवक्ता आपलाच ठेवा. ज्या दिवशी समितीच्या बॅनरवर एका नेत्याचा फोटो येतो, त्या दिवशी दुसऱ्या पक्षाचा भाडेकरू मीटिंगला यायचा थांबतो. कोणाचं घर मोठं होणार, कोणाला दुकान मिळणार, हे आधीच सगळ्यांसमोर सांगून टाका. पुनर्विकासाच्या लढाया बाहेरच्या माणसाने कमी आणि आतल्या संशयाने जास्त हरल्या आहेत.

गिरगाव-काळबादेवीत भुयारी मेट्रोसाठी इमारती जाणार म्हटल्यावर लोकांनी मेट्रोलाच विरोध करायचा की पुनर्वसनाची जागा मागायची, असा प्रश्न होता. शेवटी टिकली ती मागणी एकच, आम्हाला इथेच घर हवं. त्याच भागात पुनर्वसन मान्य झालं. मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. सगळ्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण 'नको' म्हणण्यापेक्षा 'हे हवं' म्हणणाऱ्याला सरकारशी बोलायला जागा मिळते, हे त्यातून दिसतं.

आणि साहेब 'हो' म्हणाले की घरी जायचं नाही. बैठकीचं इतिवृत्त मागा. त्यात तुमची मागणी, मान्य झालेला मुद्दा आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद आलंय का ते पाहा. नसेल तर 'आजच्या बैठकीत असं ठरलं' असं पत्र त्याच दिवशी तुम्हीच द्या आणि पोच घ्या. शासन निर्णय निघाला तर तो शेवटच्या कलमापर्यंत वाचा. १५ मार्च २०२४ रोजी गिरणी कामगारांच्या घरांचा शासन निर्णय निघाला. त्यात शेलू आणि वांगणीची घरं होती, आणि ती नाकारणाऱ्याचा घराचा हक्क जाईल असं सांगणारं १७ वं कलमही होतं. ९ जुलै २०२५ ला वेगवेगळ्या संघटनांचे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात बसले तेव्हा त्यांच्या मागण्यांमध्ये मुंबईतच घर ही एक होती आणि कलम १७ रद्द करा ही दुसरी. तुमच्या हातात आज जो शासन निर्णय आहे, त्याची कलमं कोणी वाचली आहेत ते येत्या मीटिंगला विचारा. कोणीच वाचली नसतील तर तीच त्या मीटिंगची विषयपत्रिका.